मेंटेनन्स-फ्री नावाची थाप

'हार्डबोर्ड' हा शब्द आमच्या कॅन्सस सिटीच्या उपनगरांत जवळजवळ शिवीसारखा वापरतात. घर बघायला आलेलं गिऱ्हाईक भिंतीवर टिचकी मारतं, आवाज ऐकतं आणि चेहरा पाडून म्हणतं, "ओह, हार्डबोर्ड आहे." झालं! पुढच्या वाक्यात घराची किंमत खाली येते. गारपीट झाली की दुसऱ्या दिवशी दारावर टकटक करणारे कंत्राटदारही हाच शब्द त्याच चेहऱ्याने उच्चारतात. त्यांच्या हातात गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक असतं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत दोन शब्द असतात: मेंटेनन्स-फ्री.

माझं भांडण त्या दोन शब्दांशी आहे. हार्डबोर्डची वकिली करायला मी बसलेली नाही, त्यात दोष आहेत आणि ते पुढे सांगणारच आहे. पण ज्याला काहीच करावं लागत नाही असं घर या पृथ्वीवर मिळतं, ही थाप आपण इतक्या आनंदाने विकत घेतो की मला राहवत नाही. आणि विकत घेणाऱ्यांत आपली मराठी मंडळी आघाडीवर आहेत, म्हणून मराठीतच लिहिते.

आधी भारतातल्या नातेवाइकांसाठी थोडं. आत्या दर फोनवर विचारते, "लाकडाच्या घरात राहता, भीती नाही वाटत?" आत्या, इथल्या बहुतेक घरांचा सांगाडा लाकडी वाशांचा असतो. उभे वासे साधारण १६ इंचांच्या अंतरावर, त्यांना बाहेरून प्लायसारखे पत्रे ठोकलेले, त्यावर पाणी अडवणारा कागद, आणि सगळ्यात बाहेर साइडिंग. म्हणजे भिंतीचा रेनकोटच. आडव्या लांब फळ्या, वरची फळी खालचीवर निदान इंचभर चढलेली, आपल्या कौलांसारखी. पाणी एका फळीवरून दुसरीवर घरंगळत जमिनीवर यावं एवढंच तिचं काम.

या फळ्या देवदाराच्या असू शकतात, सिमेंटच्या असू शकतात, प्लॅस्टिकच्या म्हणजे व्हाइनिलच्या असू शकतात. आमच्या भागातल्या १९७० ते १९९० च्या दशकांतल्या कितीतरी घरांना त्या हार्डबोर्डच्या आहेत. आमचं घर १९८६ चं, आम्ही ते २००९ साली घेतलं. त्यालाही हार्डबोर्डच.

हार्डबोर्ड म्हणजे काय हे कळायला अमेरिकेत यायला नको. शाळेत परीक्षेला जे तपकिरी पॅड नेत होतो ना, वर लोखंडी क्लिप, एक बाजू गुळगुळीत आणि दुसरीवर जाळीचा ठसा, तोच तो. विल्यम मेसन नावाच्या माणसाने १९२४ साली मिसिसिपीतल्या लॉरेल गावी ही युक्ती शोधली. लाकडाच्या गिरणीत उरलेल्या ढलप्या वाफेच्या प्रचंड दाबाखाली ठेवायच्या, दाब एकदम सोडायचा, ढलप्यांचा स्फोट होऊन त्यांचे तंतू सुटे होतात, मग ते तंतू गरम दाबयंत्रात दाबून फळी करायची. मॅसोनाइट हे नाव त्याच्या आडनावावरूनच आलं. कल्पना मोठी हुशारीची. जी लाकडं जाळून टाकत, त्यातून गुळगुळीत, बिनगाठीची, स्वस्त फळी मिळाली.

आता आठवा, जूनमध्ये शाळा सुटल्यावर ते पॅड पावसात भिजलं तर काय व्हायचं? मधला भाग ठणठणीत राहायचा. पण कोपरा फुगायचा, त्याचे पापुद्रे सुटायचे आणि वाळल्यावरही तो कोपरा परत पहिल्यासारखा व्हायचा नाही. हार्डबोर्ड साइडिंगचं सगळं शास्त्र त्या कोपऱ्यात आहे. गुळगुळीत, रंगवलेल्या पृष्ठभागातून पाणी सहज आत शिरत नाही. ते शिरतं कडेतून, कापलेल्या टोकातून आणि खिळ्याच्या भोकातून. एकदा आत गेलं की तंतू फुगतात, आणि फुगलेले तंतू मागे येत नाहीत.

दोष मी लपवत नाही. १९८० आणि १९९० च्या दशकांत ही फळी लाखो घरांना लागली, ती फुगली, कुजली, काही घरांच्या भिंतींवर अक्षरशः अळंबी उगवली. अलाबामातल्या मोबील इथे मॅसोनाइटवर सामूहिक दावा झाला, १९९६ साली ज्युरीने माल सदोष ठरवला आणि १९९८ च्या जानेवारीत न्यायालयाने तडजोडीला मंजुरी दिली. १९८० पासून तोपर्यंत लावलेल्या साइडिंगचा त्यात समावेश होता. इतर कंपन्यांवरही असेच दावे झाले. मॅसोनाइटच्या तडजोडीत भरपाई मागायची शेवटची मुदत २००८ च्या जानेवारीत संपली. तेव्हा आज ज्यांच्या भिंतीवर हा माल आहे, त्यांना कुणीही एक पैसा देणार नाही. लोक फसवले गेले, त्यांचा राग रास्त होता.

पण आता माझा प्रश्न ऐका. माल सरसकट वाईट असेल, तर एकाच घराच्या चार भिंती चार तऱ्हांनी का वागतात?

आमच्या दक्षिणेकडच्या भिंतीची एकही फळी चाळीस वर्षांत बदलावी लागलेली नाही. उत्तरेकडे ऊन पोहोचत नाही, भिंत वाळायला वेळ लागतो, तिथे काही बदलाव्या लागल्या. त्याही सगळीकडच्या नव्हेत. जिथे पोर्चचं छप्पर भिंतीला येऊन भिडतं तिथली एक. चिमणीच्या कडेची एक. जिथे आधीच्या मालकाने हौसेने फुलझाडं लावून माती भिंतीवर चढवली होती, तिथल्या सर्वांत खालच्या चार. लॉनच्या फवाऱ्याचं तोंड भिंतीकडे वळलं होतं, तिथल्या दोन. फळी तीच, कारखाना तोच, साल तेच. फरक होता तो पाण्याचा. आणि पाण्याला आपण वाट करून दिली की ते बिचारं जाणारच की आत!

शेजारपाजारच्या आणि ओळखीच्या बऱ्याच घरांभोवती मी फिरले आहे (या छंदावरून घरात माझी पुरेशी चेष्टा होते). जिथे जिथे फळी कुजलेली दिसली, तिथे तिथे कारण जवळच सापडलं. बहुतेक वेळा ते कारण म्हणजे एक खिळा.

खिळ्याची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सगळी मेख तिथेच आहे. (हो, शब्दशः.) हार्डबोर्डची फळी गंज न धरणाऱ्या, जस्ताचा जाड मुलामा दिलेल्या खिळ्याने ठोकायची असते. खिळा नुसत्या प्लायमध्ये नाही, मागच्या उभ्या वाशात निदान दीड इंच घुसला पाहिजे. आणि त्याचं डोकं फळीच्या पृष्ठभागाला टेकलं की थांबायचं. आत घुसवायचं नाही. डोकं आत गेलं की फळीचं कातडं फाटतं, भोवती लहानशी वाटी तयार होते, आणि त्या वाटीत पाऊस साठतो. चाळीस पावसाळे, चाळीस हिवाळे. भिजा, गोठा, वितळा, पुन्हा भिजा.

हातोडीने ठोकणाऱ्या माणसाला हे हाताला कळतं. पण त्या काळातली घरं हवेच्या दाबावर चालणाऱ्या खिळ्यांच्या बंदुकीने भराभर ठोकली गेली. दाब जास्त ठेवला तर काम पटापट होतं. बिल्डरला घर विकून पुढच्या प्लॉटवर जायचं होतं, ठोकणाऱ्याला दिवसाचं काम उरकायचं होतं, आणि खिळ्याचं डोकं बघायला तिथे कुणीच नव्हतं. दोष फळीचा होताच, पण फळीला पहिलं भोक पाडलं ते घाईने. तो खटला ज्या मालावर चालला त्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे. घाईवर खटला चालत नाही.

बरं, हे दुरुस्त होत नाही का? होतं. आणि ते अवघडही नाही, म्हणूनच मला राग येतो.

डोकं पृष्ठभागाच्या किंचित आत गेलं असेल आणि नुसते तंतू दिसत असतील, तर प्रायमर आणि रंग पुरतो. एक अष्टमांश इंचापर्यंत खोल गेलं असेल, तर त्या वाटीत कॉक भरायचं. कॉक म्हणजे बंदुकीसारख्या नळीतून पिळायचा रबरी लेप. त्यावर रंग बसणारा घ्यायचा, शुद्ध सिलिकॉनचा नाही, त्यावर रंग धरत नाही. त्याहून खोल असेल तर ती फळी त्या जागी जवळजवळ सुटलेलीच असते. तेव्हा कॉक भरून शेजारी नवा खिळा मारायचा.

फळी भिंतीपासून सुटून वाऱ्याने फडफडत असेल तर जुना खिळा पुन्हा ठोकू नका. त्याचं भोक सैल झालेलं असतं, पुढच्या हिवाळ्यात तो परत बाहेर येतो. जुन्या खिळ्यांची डोकी उभ्या रेषेत दिसतात, तिथेच मागे वासा आहे. त्या रेषेवर इंचभर बाजूला आधी बारीक भोक पाडा आणि बाहेरच्या कामाचा मुलामा दिलेला बारीक डोक्याचा स्क्रू हळूहळू आवळा. फळी टेकली की थांबा. आणि फळी टेकायलाच तयार नसेल, मध्ये पोटासारखी फुगली असेल, तर जबरदस्ती करू नका. याचा अर्थ लावताना दोन फळ्यांची टोकं एकमेकांना घट्ट भिडवली आहेत. हार्डबोर्ड दमट हवेत लांबीलाही थोडा वाढतो, वाढायला जागा नसली की बाहेर फुगतो. टोकांमध्ये तीन षोडशांश इंच फट हवी असते, आणि ती कॉकने किंवा धातूच्या पट्टीने झाकलेली. फट करून द्या, फळी बऱ्याचदा वठणीवर येते.

एक उलटी चूकही लोक करतात. उत्साहाच्या भरात प्रत्येक फटीत कॉक भरतात. फळीवर फळी चढते ती आडवी रेघ कधीही बुजवायची नसते. चुकूनमाकून आत गेलेल्या पाण्याची बाहेर यायची वाट तीच. ती बंद केली तर रेनकोटाच्या आत घाम साठावा तसं पाणी साठतं.

उरलं काय? जमीन आणि सर्वांत खालची फळी यांत निदान सहा इंच मोकळे हवेत. छप्पर जिथे भिंतीला भिडतं तिथे दोन इंच. पन्हळी साफ हव्यात, म्हणजे पाणी भिंतीवरून ओघळत नाही. खिडक्यांच्या वरच्या चौकटीवर पत्र्याची पट्टी हवी. झाडं भिंतीपासून हातभर लांब. आणि रंग! शंभर टक्के ॲक्रिलिक, दोन हात, आणि फळीच्या खालच्या कडेलासुद्धा. ती खालची कड कुणाला दिसत नाही म्हणून रंगारी ती सोडतात, आणि पाण्याचा थेंब नेमका तिथेच लोंबकळत राहतो. मी एक छोटा आरसा घेऊन फिरते. दाताच्या डॉक्टरकडे असतो तशा आरशात खालची कड बघते. शेजाऱ्यांना सवय झाली आहे :-)

वर्षातून दोन चकरा. एक एप्रिलमध्ये बर्फ सरल्यावर, एक ऑक्टोबरमध्ये गोठायच्या आत. हातात स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, आरसा आणि खडू. स्क्रूड्रायव्हरचं टोक फळीत रुतलं तर तिथे खडूची खूण. पुढच्या शनिवारी खुणा केलेल्या जागांची डागडुजी. कुजलेली फळी रंगवायची नाही, बदलायची. पण तेवढी एकच. तिच्या वरच्या फळीचे खिळे अलगद सैल करून खालची काढता येते, आणि तशाच घडणीच्या आजच्या लाकडी तंतूंच्या फळ्या दुकानात मिळतात. नवी फळी कापली की कापलेल्या टोकाला आधी प्रायमर, मगच भिंतीवर. २००९ पासून आमच्या अकरा फळ्या बदलल्या. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरचं काम मात्र मी शिडी-परात्या असलेल्या माणसाकडूनच करून घेते, पडून हाडं मोडण्यात काही शौर्य नाही. आणि घर १९७८ च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची तपासणी केल्याशिवाय खरवडायला जाऊ नका.

आता 'मेंटेनन्स-फ्री'कडे वळू.

व्हाइनिलचे पट्टे पुष्कळदा जुन्या साइडिंगवरूनच लावतात, कारण जुनं काढायचे पैसे वाचतात. म्हणजे खालचा कुजका हार्डबोर्ड तसाच, वरून नवं कोरं प्लॅस्टिक. वरून कीर्तन, आतून तमाशा! व्हाइनिल स्वतः पाणी पूर्ण अडवत नाही, त्याच्या मागे पाणी जातंच, म्हणून तर त्याच्या खालच्या कडेला पाणी निथळायला भोकं असतात. मागची भिंत नीट नसेल तर ते पाणी तिथेच काम करत राहतं, आणि आता तुम्हाला ते दिसतही नाही. दिसत नाही म्हणून मेंटेनन्स नाही, या न्यायाने डोळे मिटून रस्ता ओलांडला तर ट्रॅफिकही नसतो.

शिवाय व्हाइनिल कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतं, गारेने तडकतं, जवळ ठेवलेल्या बार्बेक्यूच्या आचेने वितळतं. समोरच्या घराच्या खिडकीच्या काचेवरून परावर्तित झालेल्या उन्हानेही ते वाकडं झाल्याची उदाहरणं आहेत. दहा वर्षांनी एक पट्टा बदलायचा म्हटलं तर उन्हाने उडालेला तो रंग दुकानात मिळत नाही, आणि त्यावर रंग देणं हे पुन्हा वेगळंच प्रकरण.

"मग सिमेंटचं लाव!" असं एक मित्र म्हणतो. फायबर सिमेंट चांगलंच आहे. कुजत नाही, वाळवी खात नाही, सहजी पेटत नाही. नवं घर बांधलं तर मी तेच लावीन. पण त्याचा सूचनांचा कागद कधी वाचलात? जमिनीपासून सहा इंच वर. छपरापासून अंतर. खिळ्याचं डोकं आत घुसवू नका. टोकं रंगवा. फटींची काळजी घ्या. ठराविक वर्षांनी रंग द्या. कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय ना? जुन्या फळीच्या कागदावर जे लिहिलं होतं, तेच. ज्याने तो कागद पाळला नाही तो हाही पाळणार नाही, आणि लावताना सूचना पाळल्या नाहीत म्हणून कंपनी वॉरंटी नाकारेल तेव्हा पुन्हा नव्या मालाला शिव्या देईल. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आणि आता जरा घरचं बोलते. आपण लोक, म्हणजे देशातून इथे आलेले, या थापेला इतके लवकर का भुलतो?

माझं आजोळ गुहागरजवळचं. मृग लागायच्या आत घराची शाकारणी व्हायची. नळीची कौलं उतरवायची, फुटकी वेगळी काढायची, माकडांनी सरकवलेली पुन्हा बसवायची. पडवीला पावसाची झड लागू नये म्हणून चुडतांचे झाप बांधायचे. भिंतींना आणि जमिनीला सारवण. कुणी आजोबांना येऊन 'शाकारणी-फ्री कौलं आली आहेत' असं सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला पाणी पाजून परत पाठवलं असतं. घर आहे म्हणजे शाकारणी आहे, हे त्यांना आंब्याला मोहोर येतो इतकं स्वाभाविक होतं.

अमेरिकेतले आम्ही या आठवणी गणपतीच्या कार्यक्रमात डोळे ओले करून सांगतो. पण एक गोष्ट सांगायची टाळतो. कौलांवर आजोबा चढत नव्हते. चढायचे ते गडी. झाप विणणारे हात वेगळे, सारवणारे हात वेगळे, आणि जेवायला बसणारे आम्ही वेगळे. शाकारणी आमच्या घराची होती, आमच्या हातांची कधीच नव्हती. पुढे शहरात फ्लॅटमध्ये आलो, तिथे सोसायटीचा सेक्रेटरी ते बघायचा. म्हणून पिढ्यान्पिढ्या आपल्या मनात घर हे आपोआप उभं राहतं. आपलं प्रत्येक घर 'मेंटेनन्स-फ्री'च होतं, कारण मेंटेनन्स करणारा माणूस आपल्याला दिसत नव्हता. हा शब्द कंत्राटदाराने आपल्याला शिकवलेला नाही. त्याने फक्त आपल्या जुन्या सवयीला इंग्रजी नाव दिलं.

म्हणूनच मी शिडीवर उभी असले की ओळखीचे लोक गाडी थांबवून म्हणतात, "अगं, तू कशाला? माणूस बोलाव ना!" त्यांचा हेतू चांगला असतो. पण दोन कॉम्प्युटर इंजिनिअर असलेल्या घरात एकाही हाताला खिळा कुठे थांबवायचा हे ठाऊक नसावं, आणि त्याची लाज वाटण्याऐवजी थोडी प्रतिष्ठाच वाटावी, हे मला पटत नाही. माणूस बोलवायला माझी ना नाही. पण बोलावलेल्या माणसाने काय केलं हे ओळखण्याइतकं तरी आपल्याला यायला हवं. नाहीतर १९८६ च्या बिल्डरसारखंच, कुणीच बघत नसलेलं काम पुन्हा एकदा होईल. या खेपेला आपल्या पैशाने.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण माझा मामेभाऊ. त्याने गेल्या आठवड्यात मला एका कंत्राटदाराचा कागद पाठवला. सगळं साइडिंग बदलणे, २२,००० डॉलर, हप्त्यांची सोय, या महिन्यात सही केली तर सूट. घरात दोन मुलं, मोठी दोन वर्षांत कॉलेजला जाणार. खाली एक ओळ: "ताई, एकदाची कटकट जाईल."

बाळा, सगळं बदलायची वेळ येते, हे मी मान्य करते. भिंतीच्या भिंती मऊ लागत असतील, फळीमागचं प्लाय काळं पडलं असेल, घरात भिंतीला ओल येत असेल, तर जरूर बदल, सगळं उतरवून आतली भिंत दुरुस्त करून बदल, आणि झाकायला म्हणून वरून काही लावू नकोस. तिथे काटकसर करू नये. पण त्या कंत्राटदाराने तुझ्या घराला हात लावून पाहिलं का? एक तरी फळी टोचली का? की रस्त्यावरूनच बघून 'ओह, हार्डबोर्ड' म्हणाला? डॉक्टरने नाडी न बघता ऑपरेशन सांगितलं तर आपण दुसऱ्या डॉक्टरकडे जातो ना?

"वेळ कुठे आहे?" असं तू म्हणशील. वर्षाचे चार शनिवार. आणि कर्ज फेडायला जी वर्षं लागतील, त्यातला वेळ कुठून येणार आहे? तोही आपलाच असतो, फक्त ऑफिसात बसून मोजलेला.

पैसे वाचतात म्हणून हे कर, असंही मी म्हणत नाही, तेवढ्यापुरतं असतं तर इतकं लिहिलंच नसतं. आपल्या डोक्यावरचं छप्पर आणि भोवतीच्या भिंती कशाने उभ्या आहेत, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे माहीत असलेला माणूस त्या घरात वेगळ्या तऱ्हेने राहतो. मुलांनाही ते दिसतं. माझ्या लेकीला वासा कुठे आहे ते खिळ्यांच्या रेषेवरून ओळखता येतं. तिच्या आजीच्या आजोळात कुणालाच हे आलं नसतं, ज्यांना यायचं ते पडवीच्या बाहेर बसायचे.

तेव्हा सही करण्याआधी या शनिवारी स्क्रूड्रायव्हर घे, खडू घे, मोठीला बरोबर घे आणि घराला एक पूर्ण चक्कर मार. उत्तरेच्या भिंतीपासून सुरुवात कर, खाली वाकून बघ. खुणा मोजून मला आकडा कळव. मग आपण २२,००० ला त्या आकड्याने भागू, आणि एका कुजक्या फळीचे तुझ्याकडून किती डॉलर मागितले जात आहेत ते बघू.